अमडापूरचं पंक्चर

माझा स्वभाव संशयी आहे, हे दुसऱ्या कोणी सांगायच्या आधी मीच सांगते. चिखलीच्या एका शाळेत गणित शिकवता शिकवता केस पांढरे झाले आणि परीक्षेच्या हॉलवर पहारा देता देता नजर अशी झाली. कॉपी करणारं पोर कधी कॉपीकडे बघत नाही, ते माझ्याकडे बघतं. सगळ्या वर्गाची मान खाली आणि एकाचीच वर, म्हणजे चिठ्ठी त्याच्याच बाहीत. हा नियम मला कधी चुकलेला आठवत नाही. म्हणून आमच्या घरात जेव्हा एक मान पुस्तकातून वर होऊन माझ्याकडे बघायला लागली, तेव्हाच मी ओळखलं की डाळीत काहीतरी काळं आहे.

मान आमच्या ह्यांची. हे तहसील कचेरीतून मागच्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीत सातबारा आणि फेरफार याखेरीज यांनी काही वाचलं नव्हतं. निवृत्तीनंतर आधी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, मग मागच्या भिंतीला चुना झाला, आणि मग हे स्वयंपाकघरात येऊन फोडणी किती तापली पाहिजे ते सांगायला लागले. तेव्हा मीच यांना हाताला धरून वाचनालयात नेलं. म्हटलं, बसा वाचत. काही दिवस खुनाच्या गोष्टी चालल्या, तोवर घरात शांतता होती. मग तिथल्या बाईंनी यांच्या हातात दुसऱ्याच कादंबऱ्या द्यायला सुरुवात केली. सध्या त्यांना फार मागणी आहे म्हणे.

हे संध्याकाळी फिरायला गेले की मी त्या चाळून बघायची. उत्तरपत्रिका तपासायची सवय, त्यामुळे लाल पेन तेवढा हातात घ्यायचा राहायचा. एका कादंबरीत साखरपुडा झालेल्या मुलीला दर पौर्णिमेला एकच स्वप्न पडतं. परका माणूस, परकं घर, खिडकीत जाईचा वेल. मग तो माणूस तिला बँकेच्या काउंटरवर भेटतो. दुसरीत एका डॉक्टरला एकाच दिवशी दोन लग्नांची आमंत्रणं येतात. एका प्रकरणात तो या लग्नाला जातो, पुढच्या प्रकरणात त्या लग्नाला, आणि दोन्हीकडे त्याला वेगवेगळी बायको मिळते. तिसरीत तर एक बाई झोपते इथं आणि उठते दुसऱ्याच संसारात, आणि तिला सकाळी चहापत्ती कुठं ठेवली आहे तेही बरोबर ठाऊक असतं.

माझा या लेखकांवर काडीचाही विश्वास नाही. यांच्या दुसऱ्या आयुष्यात कधी कोणाचे गुडघे दुखत नाहीत. कोणी दळण आणत नाही, कोणाच्या सासऱ्याला मोतीबिंदू होत नाही. दैव दार ठोठावतं तेही नेमकं चांगल्या दिसणाऱ्या माणसाचं. सुटलेलं माणूस नेहमी जास्त हसरं, जास्त समजूतदार, आणि त्याच्या घराला गॅलरी. दुरून डोंगर साजरे, एवढी साधी म्हण या लोकांनी तीनशे पानं ताणली आहे. हे मी यांना म्हणूनही दाखवलं. त्यावर हे म्हणाले, वाचून तर बघ. मी आधीच वाचली आहे हे कबूल करायची सोय नव्हती.

आता माझ्या संशयाला पाय कुठून फुटले ते सांगते. आमचं लग्न पंक्चरमुळे जमलं.

हे जानेफळचे. त्या उन्हाळ्यात हे, माझे सासू-सासरे आणि यांचे एक मामा धाडला मुलगी पाहायला निघाले होते. धाडच्या त्या घरी भाजीपाल्याचं मोठं बागायत, मुलगी एकुलती एक, आणि जावयानं पुढे मळा सांभाळावा अशी मुलीच्या वडिलांची इच्छा. सगळं ठरल्यासारखंच होतं. पण अमडापूरच्या स्टँडवर एसटीचं टायर बसलं. दुसरं टायर होतं, त्यातही हवा नव्हती. ऊन मी म्हणत होतं. मामांना आठवलं की इथं नात्यातलं एक घर आहे, निदान पाणी पिऊन येऊ. ते घर आमचं. मी गच्चीवर कुरडया घालत होते, डोक्याला ओला टॉवेल, हाताला चीक. मला कोणी सांगितलंच नाही की पाहुण्यांत एक नवरदेव आहे. मी तशीच खाली आले आणि त्यांच्या मामांना म्हणाले की चपला बाहेर काढा, आत्ताच सारवलं आहे.

पोहे झाले, चहा झाला, आणि एसटी दुरुस्त झाल्याचा निरोप आला तरी कोणी उठेना. त्याच महिन्यात साक्षगंध उरकलं. धाडला नकार कळवला.

ही गोष्ट हे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतात. आमची सोयरीक एसटीनं जुळवली म्हणतात, आणि सगळे हसतात. नणंदा मला चिडवायच्या, पंक्चरची नवरी म्हणून. सासूबाई म्हणायच्या की सटवाईनं कपाळी लिहिलं होतं, तिनंच खिळा टाकला असेल. मीही हसायचे. एवढ्या वर्षांत मला कधी वाटलं नाही की या गोष्टीत हसण्यापलीकडे काही आहे.

आणि मग त्या कादंबऱ्या घरात आल्या. एके दिवशी जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून यांनी मला विचारलं, "त्या दिवशी टायर बसलं नसतं तं काय झालं असतं वं?"

"तं धाडले, त्या मळ्यात पोचले असते," मी म्हणाले.

हे हसले आणि हातातला तुकडा तोंडात घातला. तो प्रश्न मला सोडेना. मला खरं काय ते कळायला हवं होतं, एवढंच. या माणसानं मला निवडलं होतं, की टायरनं? आणि आता या वयात, पोरगी पुण्याला नोकरीला लागलेली, घराचं कर्ज फिटलेलं, सगळं हाताशी आलेलं असताना, याला मनातल्या मनात धाडला उतरावंसं वाटत असेल, तर मी इतकी वर्षं कोणाचा संसार केला? मुलीला फोनवर आडून सांगून पाहिलं. ती खो खो हसली आणि म्हणाली की आई, बाबांना टीव्हीचा रिमोट सापडत नाही, ते दुसरी बायको कुठून शोधणार. मुलींना आपले बाप फार भोळे वाटतात.

त्यानंतर मी पाळत ठेवली. हे पुस्तकात बोट घालून भिंतीकडे बघत बसायचे. आमच्या आळीतली एक बाई धाडच्या माहेराहून आली, तर यांनी तिला तिकडं पाऊसपाणी कसं आहे, भाजीपाला कसा आहे, अशी चौकशी केली. यांना भाजीपाल्यातलं काय कळतं हे मला विचारा. हे बाजारातून भेंडी आणतात ती हमखास निबर. शेंडा मोडून बघा, कट्‌कन मोडला तर घ्या, वाकला तर ठेवा, हे मी लग्नापासून सांगते आहे. पालथ्या घड्यावर पाणी. भाजीवाल्यासमोर शेंडे मोडायला यांना लाज वाटते.

मग एका सकाळी हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. बुलढाण्याला पेन्शनचं काम आहे म्हणाले. निवृत्त माणूस पेन्शनच्या कामाला इस्त्री करून जात नाही, कारण तिथं जितकं दीनवाणं दिसावं तितकं काम लवकर होतं. मी फाटकापर्यंत जाऊन यांची पाठ बघितली. संध्याकाळी हे परत आले ते पिशवीभर भेंडी घेऊन. मी एक मोडून पाहिली. दोरखंड. बुलढाण्याला कचेरीत भेंडी कुठून मिळाली, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आमच्या एक शिक्षिका, ज्या धाडहून रोज ये-जा करतात, सहज म्हणाल्या की काल बाजाराच्या दिवशी तुमचे मिस्टर आमच्या गावात दिसले, स्टँडवर बसले होते.

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. तरी मी गप्प राहिले. पोरगं चिठ्ठी बाहेर काढेपर्यंत आपण खिडकीबाहेर बघत उभं राहायचं असतं. पण खरं सांगते, त्या दिवशी मी पाचवीच्या वर्गात साधा भागाकार फळ्यावर चुकवला. मला राग आला होता, आणि रागाच्या खाली भीती होती.

आता सासूबाईंच्या पाण्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सासूबाई आमच्याजवळच राहायच्या, काही वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचा एक नेम होता. चांगलं स्वप्न पडलं तर ते कोणालाच सांगायचं नाही, मनात ठेवायचं. वाईट स्वप्न पडलं तर माणसाला सांगायच्या आधी वाहत्या पाण्याला सांगायचं, म्हणजे पाणी ते घेऊन जातं. जानेफळला हे सोपं होतं, मळ्यातल्या पाटावर जाऊन बसलं की झालं. चिखलीत पंचाईत. आमच्याकडे नळ येतात आठ-आठ दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. ड्रममधलं पाणी चालत नाही, ते वाहत नाही. मग सासूबाईंची वाईट स्वप्नं नळाची वाट पाहत तुंबून राहायची. नळ आले की त्या आधी ड्रममधली नळी काढून नालीत सोडायच्या, पाण्याला सगळं सांगायच्या, गंगामाय घेऊन जाय म्हणायच्या, आणि मग भरायला सुरुवात. तेवढ्यात दोन हंडे पाणी वाया जायचं. माझा जीव तुटायचा. पाण्याच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. डाळ धुतलेलं पाणी आमच्याकडे तुळशीला जातं, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला. शेजारणीनं अंगणात सडा टाकला तर मी भिंतीवरून तिला ऐकवते. यांनाही मी वळण लावलं होतं. नळ आले की नळी ड्रममध्ये गेली पाहिजे, एक थेंब बाहेर दिसला तर माझ्याशी गाठ.

धाडच्या बाजारानंतर तीन-चार दिवसांनी यांचं वागणं बदललं. सकाळी उठले ते तोंड मिटून. चहा दिला, घेतला. बरं नाही का म्हटलं, मान हलवली. भांडण नाही, आजार नाही, नुसती गपगार मूर्ती. दुपारनंतर थोडं बोलले, पण माझ्याकडे न बघता. माझ्या डोळ्यांसमोर त्या कादंबऱ्यांमधली सगळी प्रकरणं सरकून गेली. मला वाटलं, ठरलं याचं. आता हा एक दिवस मला समोर बसवून काहीतरी सांगणार. मी वाक्यं जुळवत बसले, मी काय म्हणायचं, रडायचं की नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, पण मला झोपच लागेना तर स्वप्न कुठून पडणार?

त्या आठवड्यात नळ उजाडता उजाडता आले. मला जाग आली तर शेजारी हे नव्हते. अंगणात मोटारीचा आवाज नाही, पाणी आपल्या जोरानं ड्रममध्ये पडत होतं. मी स्वयंपाकघरात गेले. खिडकीच्या खालीच ड्रम आहे. हे ड्रमशेजारी उकिडवे बसले होते आणि हळू आवाजात बोलत होते. मला वाटलं, फोन. या वेळेला, अंगणात बसून, दबक्या आवाजात, दुसरं काय असणार? मी खिडकीतून वाकून पाहिलं. यांच्या हातात फोन नव्हता. हात पाण्याच्या धारेखाली होता.

"धाडले होतो मी," हे सांगत होते. "मळा होता, घर होतं, बाई चांगली होती. तिनं मले जेवाले वाढलं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाई चांगली होती म्हणे. मी खिडकीचं दार ढकलणारच होते, तेवढ्यात हे पुढे बोलले.

"मंग मी बाजारात बसलो भेंडी घेऊन. अन् हे, माह्या घरची, आली. थैली घेऊन, माह्याच समोर. तिनं एक भेंडी मोडून पाह्यली, टाकून देली, अन् पुढं निंघून गेली. माह्या तोंडाकडं पाह्यलंबी नाई तिनं. मी हाक माराले गेलो तं मले तिचं नावच माहीत नोतं." यांनी ओंजळ भरून पाणी सोडलं. मग म्हणाले, "गंगामाय, घेऊन जाय वं."

मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते. मला आधी काही कळलंच नाही, इतकी मी दुसरंच ऐकायला सज्ज होते. धाडचं घर, धाडचा मळा, चांगली बाई, सगळं यांना मिळालं होतं. कादंबरीत असतं तसं. आणि हा माणूस ते मनात ठेवून बसला नव्हता. तो इतके दिवस ते पोटात दाबून नळाची वाट पाहत होता, ते घरातून काढून टाकायला. सासूबाईंच्या नेमाप्रमाणे चांगलं स्वप्न पाण्याला सांगत नाहीत. मला रडू आलं. का खोटं बोलू, चांगलंच आलं.

आणि रडता रडता माझं लक्ष नळीकडे गेलं. नळी ड्रममध्ये होती.

माझ्या धाकानं यांनी ती नालीत सोडलीच नव्हती. पाण्याचा एक थेंब वाया जाऊ न देता यांनी सगळं स्वप्न ड्रममध्ये भरून ठेवलं होतं. आता पुढचे आठ दिवस आम्ही तेच पिणार, त्यातच वरण शिजणार. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. मी गणिताची बाई आहे, ग्रहणात मी पोरांना बाहेर काढून सूर्य दाखवते. पण मी मागच्या दारानं अंगणात गेले, पदर खोचला, नळी काढून जमिनीवर टाकली आणि तो अर्धा भरलेला ड्रम दोन्ही हातांनी कलता केला. पाणी अंगणभर झालं, तुळशीला वळसा घालून फाटकाखालून रस्त्यावर गेलं. शेजारीण तिच्या नळाशी उभी होती. ती बघतच राहिली. तिला मी एका तांब्यासाठी किती बोलले आहे ते तिला आठवत असणार.

"काय करून राह्यली वं हे?" यांनी विचारलं.

"पाल पडली होती."

यांनी रिकाम्या ड्रममध्ये वाकून बराच वेळ पाहिलं. पाल नव्हती. मग यांनी नळीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. यांनी ड्रम सरळ केला, विसळला आणि नळी पुन्हा आत सोडली. तोवर धार बारीक झाली होती. एवढ्याशा पाण्यानंतर नळ गेले.

आम्ही पायरीवर चहा घेतला. मी विचारलं, धाडले काऊन गेले होते? हे म्हणाले की एसटी पोचली असती तर कुठं उतरलो असतो, तेवढं पाहून आलो. ते घर पाहिलं नाही, विचारलंही नाही. स्टँडवर बसलो, कचोरी खाल्ली, भेंडी घेतली. मग पेन्शनचं खोटं कशाला सांगितलं, या प्रश्नावर मात्र यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला, आणि तो प्रश्न मी अजून सोडलेला नाही. माझा संशय म्हणाल तर तेवढा आहे.

कप खाली ठेवताना हे हळूच म्हणाले की स्वप्नात फार वाईट वाटलं होतं, तू अशी निघून गेलीस.

"ते मी नोतेच," मी म्हणाले. "निबर भेंडी पाहून मी मुकाट्यानं पुढं गेले असते? तुमच्या टोपलीपाशी उभी राहून आधी भांडले असते मी."

यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही कप उचलून आत नेले आणि वाटीभर पाण्यात विसळले.